डावा डूल दोन मिलिमीटर आखूड

४ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, बोलत नसाल तर लिहा. बोलण्यासारखं काही नाही, हे मी त्यांना बोललो नाही. म्हणून ही डायरी. गेल्या वर्षीची आहे, एका बेअरिंग कंपनीने दिलेली. वार जुळत नव्हते. पेनाने दुरुस्त केले.

इरावतीला जाऊन सहा महिने बारा दिवस. यंदा गणपती बसवला नाही. शेजारून एकवीस मोदक आले होते. एक लहान होता.

आज पेपरात उदयसिंहचा फोटो. उद्यमनगरातला भंगारवाला. सायकलच्या चेन आणि सायलेन्सरच्या नळ्या जोडून त्याने पैलवान केलाय, तो पुण्याच्या कुणीतरी विकत घेतला. इरा त्याच्याकडून तारा, चकत्या, घड्याळाची चाकं आणायची, तिच्या दागिन्यांसाठी. म्हणायची, उदयसिंहांच्या हातात कला आहे. चौतीस वर्षांत माझ्याबद्दल असं काही म्हटल्याची नोंद नाही. तेराव्याला हा माणूस माझ्यापेक्षा जास्त रडला. सगळ्यांनी पाहिलं. मी पाणी देत होतो.

हेवा वगैरे नाही. पण पैलवानाचा डावा खांदा फोटोतसुद्धा खाली दिसतो. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत मी एकतीस वर्षं क्वालिटी तपासली. असला माल गेटबाहेर सोडला नसता.

ठराव: भंगारातून कलाकृती मीही करणार. मापात. दिवाळीआधी दसरा चौकाजवळच्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन असतं. इरा आणि तिची मैत्रीण क्रांती दर वर्षी तिथे स्टॉल लावायच्या. यंदा माझा स्टॉल.

६ सप्टेंबर, शनिवार

घरातल्या मालाची मोजदाद. बेअरिंग ११. व्हॉल्व्ह ६. मिक्सरची मोटर १. किल्ली नसलेली कुलपं ४. कुलूप नसलेल्या किल्ल्या १९.

इराच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला. फेब्रुवारीपासून उघडला नव्हता, अडकला असेल म्हणून. अडकला नव्हता. आत बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात कानातले डूल. त्रेचाळीस जोड्या. तांब्याची तार, शर्टाची बटणं, घड्याळाची चाकं, करवंटीचे तुकडे. प्रत्येक जोडी वेगळ्या पुडीत आणि आत चिठ्ठी. ‘बनाबाई, कुरुंदवाड’. ‘नंदिनी, मलकापूर’. अशा. मॉडेलना बायकांची आणि गावांची नावं द्यायची कल्पना बरी आहे. मी नंबर दिले असते.

क्रांतीचा फोन आला. म्हणाली, भाऊजी, आमचा डबा सापडला का, बायका विचारायला लागल्यात. मी म्हटलं, तपासणी व्हायची आहे. ती म्हणाली, तपासणी कसली ओ. मग आवाज बारीक करून म्हणाली, असू दे, तुमचं मन होईल तेव्हा द्या.

माझं मन यात कुठून आलं कळलं नाही. ‘आमचा’ डबा. नोंद केली.

९ सप्टेंबर, मंगळवार

इन्स्पेक्शन पूर्ण. व्हर्निअरने, हुकापासून खालच्या टोकापर्यंत. जोडीतले दोन डूल सारखे हवेत. मी अर्धा मिलिमीटर सूट दिली, घरचं काम म्हणून. डाव्या डुलाच्या हुकावर ती बारीक खाच पाडायची, त्यामुळे डावा-उजवा ओळखता येतो. खाच मात्र सगळीकडे बरोबर जागी.

निकाल: ४३ पैकी ३९ नापास. कुठे डावा आखूड, कुठे उजवा. बनाबाई कुरुंदवाड, डावा दोन मिलिमीटर आखूड. नंदिनी मलकापूर, उजवा तीन.

वाईट वाटलं. केवढं नाव होतं तिचं. सांगलीपासून बायकांचे फोन यायचे, तासतास बोलायच्या, मी आतल्या खोलीत बसून ऐकायचो. आणि मूळ काम असं. मला दाखवलं असतं तर सांगितलं असतं. मला दाखवायची नाही. उदयसिंहला दाखवायची.

थोडं बरंही वाटलं. (हे वाक्य खोडायचं आहे.)

नापास माल बाजारात जाता कामा नये. कारखान्यात आम्ही त्याला लाल रंग लावायचो. डबी आणली होती, उघडली नाही. डूल वाया घालवण्यापेक्षा माझ्या कलाकृतींत वापरावेत. चिठ्ठ्या फाइलला लावल्या. कागद मी फेकत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार, दु. ४.१०

झोपून उठलो. चष्मा जागेवर.

रिटायर झाल्यापासून दोन वर्षं दर गुरुवारी दुपारी हा चष्मा सापडायचा नाही. मी नुसता बसून राहायचो. इरा पाचला बाजारातून यायची आणि तिला तो दोन मिनिटांत सापडायचा, कधी फ्रिजवर, कधी देवघरात. मी बोलायचो तिला, वस्तू जागच्या जागी ठेवत जा. ती हसायची. आता एकदाही हरवलेला नाही. घराला शिस्त आली.

फक्त वाकडा बसतो. चष्म्याच्या दुकानात दोनदा जाऊन आलो. तो पोरगा टेबलावर ठेवून दाखवतो, काका, बघा, सरळ आहे. टेबलावर सरळ आहे हे खरं.

१५ सप्टेंबर, सोमवार

पहिली कलाकृती पूर्ण. नाव ‘विरह (बेअरिंगसह)’. प्लायवूड, मधोमध बेअरिंग, खाली दोन व्हॉल्व्ह. डोळ्यांच्या जागी एक निळ्या बटणाचा डूल (बनाबाई) आणि एक घड्याळाच्या चाकाचा (नंदिनी). एका जोडीतले दोन डूल एकाच कामात वापरायचे नाहीत असं ठरवलंय. लांबीतला फरक दिसतो.

काहीही चिकटवलेलं नाही. चिकटवलेलं काम हे काम नव्हे. सगळं तारेने आवळलं.

घरच्या हॉलमध्ये टांगली. बेअरिंग छान फिरतं. वीस मिनिटं फिरवत होतो. शेवटी हाक मारायला म्हणून स्वयंपाकघराकडे वळलो आणि मग पाणी पिऊन आलो.

२० सप्टेंबर, शनिवार

उद्यमनगरात कामाला गेलो होतो. काम काय ते आता आठवत नाही. उदयसिंहचं दुकान वाटेत लागलं, तिसऱ्या फेरीला.

या की साहेब, म्हणाला, लई दिवसांनी. लई दिवसांनी नव्हे, पहिल्यांदाच. दुकानात एक स्टूल आहे, त्यावर गादी, गादीला इराच्या हिरव्या इरकलीचं कव्हर. ती साडी कुठे गेली असं मी तिला एकदा विचारलं होतं. ‘आहे’ म्हणाली होती. उदयसिंह म्हणाला, त्येच्यावर कोण बसत न्हाई, वैनींची जागा हाय ती, तुमी बसा. मी उभा राहिलो.

चहा आला. म्हणाला, दर गुरवारी चारला ह्योच च्या, वैनी साखर वाढवून सांगायच्या. घरी ती बिनसाखरेचा प्यायची. मला शुगर आहे म्हणून दोघांनाही तोच.

नोंद घेतली. दुसरं काही नाही. लोक कुठे काय पितात हा ज्याचा त्याचा प्रश्न.

निघताना तो म्हणाला, साहेब, तुमच्या चष्म्याचं जरा. मी म्हटलं, चष्मा माझा आहे. आणि निघालो. उत्तर चांगलं जमलं. कोपऱ्यापर्यंत येईतो त्यात अर्थ काय होता ते लक्षात येईना.

४ ऑक्टोबर, शनिवार

नऊ कलाकृती तयार. ‘पुरुष आणि यंत्र’, ‘प्रतीक्षा १’, ‘प्रतीक्षा २’ (मोटरसह), ‘एकोणीस किल्ल्या’ वगैरे. नापास डूल अठ्ठ्याहत्तर, सगळे लागले. उदयसिंहची यंदा सात कामं आहेत असं कळलं. मी मुद्दाम विचारलं नव्हतं, आयोजकांना फोन दुसऱ्या कारणासाठी केला होता.

अंदाज: पहिल्या दिवशी चार जातील, दुसऱ्या दिवशी तीन. दोन राखून ठेवावीत, नंतर लोक घरी शोधत येतात. पेपरवाल्यांनी प्रेरणा विचारली तर काय सांगायचं ते लिहून काढलं. एक ओळ झाली. तीत तिचं नाव येत होतं. ते काढलं तर काही उरेना. न विचारलेलं बरं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

स्टॉल लावला. जागा जिन्याखाली, थालीपीठवाल्यांच्या शेजारी. उदयसिंहला दाराच्या समोर. ओळख असणार. क्रांती वरच्या मजल्यावर, ‘इरा-क्रांती’ अशी पाटी अजून तशीच. इराचं नाव आधी आहे, हे मान्य करावं लागेल.

माझी सगळी कामं डावीकडे कललेली दिसत होती. चार वेळा काढून लावली. शेवटी स्पिरिट लेव्हल आणून लावली. बुडबुडा बरोबर मधे. भिंतच वाकडी असावी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पहिला दिवस उत्तम. माझ्यासमोर एकावेळी पंधरा-वीस माणसं उभी असायची. काहींच्या हातात प्लेट होत्या. एका गृहस्थाने ‘प्रतीक्षा २’ बराच वेळ पाहिली आणि विचारलं, पावणं, ह्या मोटरीची वायंडिंग कुटं केली? तांत्रिक बाजूकडे लक्ष जाणारा प्रेक्षक दुर्मिळ.

विक्री नाही. पहिल्या दिवशी होत नसते.

दुपारी क्रांती आली. ‘विरह (बेअरिंगसह)’समोर उभी राहिली. मग एकेक करत नऊही बघितली, डुलांना हात लावून. डोळ्यांत पाणी होतं. तशीच वर गेली. दुसऱ्याचं काम उजवं निघालं की जळजळ होते, मी समजू शकतो. मी स्वतः त्यातून गेलेलो नाही, पण समजू शकतो.

सायंकाळी उदयसिंहच्या चार कामांवर लाल टिकल्या. एकतीस वर्षांत एवढा निर्मळ आनंद मला झाला नव्हता. तरी जाऊन धीर दिला. म्हटलं, होतं असं, पुढच्या वेळी खांद्यांचं माप बघून घ्या. तो म्हणाला, साहेब, इकलं की लाल टिकली लावत्यात.

घरी आलो. जेवलो नाही. भूक नव्हती.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी अकराला एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. सरळ माझ्या स्टॉलवर. मी उठून उभा राहिलो, पहिलं गिऱ्हाईक. बाई ‘विरह’समोर थांबल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, ह्येच्या डोळ्यात माझ्या मालकाचं बटान कशाला बशिवलंय?

मी म्हटलं, ही कलाकृती आहे. त्या म्हणाल्या, असंल, पर बटान माझ्या मालकाचं हाय. नाव विचारलं. बनाबाई. गाव कुरुंदवाड.

मॉडेलचं नाव नव्हतं ते.

क्रांती जिन्यावर उभी होती. तिने रात्री सगळ्यांना फोन केले होते. तिने सांगितलं, भाऊजी, ह्या ऑर्डरी आहेत. बायका घरातली वस्तू आणून द्यायच्या, इरा त्याचे डूल करायची. आणि करायच्या आधी पट्टी लावून दोन्ही कान मोजायची. बहुतेकींचे दोन कान सारखे नसतात. जड झुबे घालून, पोरांनी ओढून एखादी पाळी खाली येते. तेवढा तो डूल आखूड करायचा, म्हणजे घातल्यावर सरळ दिसतात.

बनाबाई म्हणाल्या, मालकास्नी जाऊन दोन वर्सं झाली, त्येंच्या निळ्या सदऱ्याची बटनं. तुमच्या मंडळी म्हटल्या व्हत्या, संक्रांतीनंतर या. संक्रांतीनंतर म्या आजारी, मग त्याच गेल्या. मग विचारलं, दुसरं कुटं हाय?

दुसरं ‘पुरुष आणि यंत्र’मध्ये होतं. बेंबीच्या जागी. बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, ते तर कधी असलं उगडं हिंडलं न्हाईत.

पक्कड घेऊन दोन्ही काढले. तार फार आवळली होती. त्यांनी तिथेच घातले. टेबलावर दोन मिलिमीटरचा फरक होता. कानात दोन्ही टोकं एका रेषेत. व्हर्निअर लावायची गरज नव्हती. तरी मागितली परवानगी. लावा की, म्हणाल्या आणि मान ताठ धरून उभ्या राहिल्या. मागे थालीपीठवाल्याचा तवाही थांबला होता.

फरक: शून्य.

नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगायचो. पार्ट एकटा तपासायचा नाही, तो ज्यात बसतो त्यासकट तपासायचा.

रिपोर्टात दुरुस्ती: ४३ पैकी ४३ पास. जे चार सारखे होते ते सारख्या कानांचे.

माझ्या शर्टाची बटणं तिने कधी मागितली नाहीत. बाईंच्या कानाकडे बघताना हेच डोक्यात येत होतं. लाज वाटली, पण येत होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

बायका आल्या. सकाळपासून रांग, जिन्यावरून वरपर्यंत. पेपरवाल्याने माझ्या स्टॉलवरच्या गर्दीचा फोटो काढला. मी चिठ्ठ्यांची फाइल घेऊन बसलो, नाव घ्यायचो, क्रांती डूल शोधायची. काढायला वेळ लागत होता. दुपारी उदयसिंह आपला स्टॉल सोडून पक्कड घेऊन आला. मी बोलावलं नव्हतं. तो खाली मांडी घालून बसला आणि कामाला लागला. म्हणाला, तार झ्याक आवळलीया साहेब. कौतुक होतं की काय कळलं नाही.

प्रत्येक बाई घालायची, आरशात बघायची आणि माझ्याकडे बघून काहीतरी सांगायची. ताई अशा, ताई तशा. एकीला तिने लेकीसाठी स्थळ सुचवलं होतं. एकीला मलकापूरहून येताना एसटीत भेटली होती. इरा मलकापूरला कधी गेली, मला माहीत नाही. सगळ्यांना ती माझ्यापेक्षा जास्त मिळाली होती. मी सगळ्यांच्या नावापुढे टिक केली.

पाचला गर्दी ओसरली. उदयसिंहने हात पुसले आणि माझ्याकडे बघत म्हणाला, साहेब, आता रागवू नका, तुमचा डावा कान खाली हाय.

मी टिक केलेली नावं परत मोजायला घेतली.

म्हणाला, दर गुरवारी तुमी झोपला की वैनी तुमचा चष्मा घिऊन दुकानात यायच्या. ती डावी काडी आठ दिवसात परत ढिली पडती. माझ्याकडनं पक्कड घ्यायच्या आन सोता वाकवायच्या, माझ्या हातात कधी दिला न्हाई. त्येंच्याजवळ कागद व्हता, त्यावर तुमच्या कानांची मापं. त्यातनंच त्यास्नी ह्ये डुलांचं सुचलं. पयलं गिऱ्हाईक तुमीच. मी म्हटलं, साहेबास्नी सांगा की, कायमचा बसवून घिऊया. तर म्हणल्या, नको, त्यांना वाकडं म्हटलेलं चालत नाही.

क्रांती चिठ्ठ्यांची फाइल बंद करून दुसरीकडे बघत होती.

मी म्हटलं, स्टॉल आवरायला हवा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चष्म्याची काडी स्वतः वाकवली. एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

आता उजवीकडे वाकडा बसतो.

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला. तळाला कागद होता, औषधाच्या बिलाच्या मागे. तिच्या अक्षरात: ‘डावा ४ खाली. सकाळी ३.’ सकाळी तीन का, हे विचारायला आता कुणी नाही. मोजलं कधी तेही माहीत नाही. झोपेत असणार.

कागद फाइलला लावला. मग काढला आणि खिशात ठेवला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

प्रदर्शनाचा अहवाल. कलाकृती नऊ. डूल सर्व परत गेले. न आलेल्या बायकांचे चिठ्ठीसकट क्रांतीकडे दिले. उरलं ते प्लायवूड, बेअरिंग, व्हॉल्व्ह, मोटर, किल्ल्या आणि पुष्कळ तार. नऊही कामं रिक्षात घालून उद्यमनगरात नेली.

उदयसिंहने विचारलं, काय करायचं ह्येचं? म्हटलं, तुमचा धंदा काय आहे? त्याने काटा पुढे ओढला. चौदा किलो दोनशे ग्रॅम. म्हणजे सगळी कामं एकाच दिवशी, एकाच माणसाला गेली. उदयसिंहची सातातली पाचच गेली होती.

मग चष्मा काढून त्याच्या हातात दिला. कागदही दिला. तो म्हणाला, बसा की, हुबं ऱ्हाऊन व्हायचं न्हाई. एकच स्टूल होतं. बसलो. गादी जरा डावीकडे दबलेली आहे.

त्याने काडी थोडी वाकवली, घालायला दिला, काढला, परत वाकवली. चौथ्यांदा बसला. समोर त्याचा नवा पैलवान उभा होता. बराच वेळ बघितला. दोन्ही खांदे एका रेषेत आहेत.

आठ दिवसांनी परत ढिली पडंल, म्हणाला. म्हटलं, येतो.

चहा आला. साखर जास्त होती. संपवला.